मेस्त्रींचे चार के

आमच्या छापखान्यात एक अक्षर असं होतं, की ते मागेल त्याला मिळत नसे.

बाकीची मिळत. उसाच्या मळ्यांच्या आमच्या बेटावर, क्युरपिप गावच्या बाजारामागे पत्र्याच्या छपराखाली असलेला तो छापखाना एका वृद्ध विधवेचा होता. तिला सगळे मादाम म्हणत. मी काउंटरवर बसून मजकूर घ्यायचो, प्रूफं तपासायचो, आणि गिऱ्हाइकाला कुठलं अक्षर हवं ते वहीत लिहून आत पाठवायचो. सरळ अक्षर, जाड अक्षर, नोटरी लोकांना आवडणारं वेलबुट्टीचं अक्षर, काहीही मागा, दोन दिवसांत छापून हातात. फक्त 'पँसो' मागितलं, की खिळे जुळवणारे आमचे मेस्त्री स्वतः बाहेर येत आणि गिऱ्हाइकाची मुलाखत सुरू होई.

पँसो म्हणजे इथल्या क्रेओल बोलीत ब्रश. पन्नास सालानंतर केव्हातरी फ्रान्सहून बोटीने एक खोका आला, त्यात हे खिळे होते. ब्रश शाईत बुडवून कुणी घाईघाईने पाटी रंगवावी तसं ते अक्षर. जरासं उजवीकडे झुकलेलं. सुरुवातीला गोल आणि भरलेलं, शेपटाकडे शाई संपत आल्यासारखं खरखरीत. छोटी अक्षरं एकमेकांचा हात धरून चालायची आणि मोठी अक्षरं त्यांच्यापुढे टोपी उडवत. बघणाऱ्याला वाटावं, लिहिणाऱ्याला दुसरीकडे जायचंय, जाता जाता लिहून गेला. आणि हे सगळं शिशात ओतलेलं! शंभर वेळा छापा, शंभर वेळा तोच 'आर' तसाच जाता जाता लिहिलेला. इतक्या मेहनतीने केलेली बेफिकिरी मी त्याआधी फक्त बड्या लोकांच्या टायच्या गाठीत पाहिली होती.

मेस्त्री हे थोडक्यात सांगायचे. "ह्ये अक्षर चपला काढून बसलंय. चपला काढून कुठं बसायचं आन् कुठं नाय, येवढं माणसाला कळलं पायजे."

स्वतः मेस्त्रींनी चारचौघांत चपला काढल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. चपला नव्हेतच, काळे बूट. त्यांवर शिशाची धूळ बसू नये म्हणून कापडी गवसण्या. शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं, क्युरपिपच्या पावसात ठीक, पण डिसेंबरच्या उकाड्यातही. त्यांचं घर दक्षिणेला समुद्रकाठी, सूयाकला. रोज पहाटेच्या बसने वर यायचे. साडेअकराला डबा उघडायचे, त्याआधी तीनदा हात धुवायचे आणि जेवताना कुणी बोललं तर उत्तर जेवण झाल्यावर द्यायचे. प्रश्न विचारणारा तोवर निघून गेला असला तरी द्यायचे. सबंध बेटावर याहून आखडलेला माणूस मिळाला नसता, आणि बेटावरचं सगळ्यात सैल अक्षर नेमकं त्यांच्या ताब्यात होतं.

खिळे उलटे धरून वाचायची सवय अशी मुरली होती, की त्यांना सुलट वाचायचा कंटाळा यायचा. बसमध्ये समोरच्या बाकावरच्या माणसाचं वर्तमानपत्र ते त्याच्याआधी वाचून संपवायचे आणि पान उलटायची वाट बघत बसायचे. काउंटरवर गिऱ्हाईक मजकुराचा कागद स्वतःपुढे धरून उभं असलं, तर मेस्त्रींनी पलीकडून तो आधीच वाचलेला असे, चुकांसकट.

पँसो कुणाला मिळे? पाववाल्याला मिळे, त्याच्या कागदी पिशवीवर. लिंबूसरबताच्या बाटलीवर, न्हाव्याच्या पाटीवर, बायकांच्या शिंप्याला, फुटबॉल क्लबच्या नाचाच्या जाहिरातीला, सूयाकच्या एका होडीवाल्याला. वकिलाला नाही. साखर कारखान्याच्या नोटिशीला नाही. मयताच्या कार्डाला तर विचारूच नका. एकदा एक दंतवैद्य आले. नवा दवाखाना, नवी खुर्ची, सगळं नवं. कार्डही नव्या अक्षरात हवं होतं. मेस्त्रींनी त्यांना पँसोतलं एक प्रूफ काढून दाखवलं आणि विचारलं, "दाक्तर, ह्यातलं एक तरी अक्षर सरळ उभं हाय?"

"नाही. तीच तर मजा आहे."

"तुमच्याकडं येणाऱ्याला दात कसे पायजेत?"

दंतवैद्य सरळ अक्षरात कार्डं छापून घेऊन गेले. पुढे मेस्त्रींची दाढ त्यांनीच काढली.

ज्यांना असं बोलून वाटेला लावता येत नसे, त्यांच्यासाठी मेस्त्रींकडे दुसरं हत्यार होतं. ते म्हणजे के. खिळ्यांचा खोका फ्रान्समधल्या लोकांच्या हिशेबाने भरलेला. त्यांच्या भाषेत के हे अक्षर पाहुण्यासारखं, सणासुदीला येणारं. म्हणून खोक्यात इ शेकड्याने आणि छोटे के फक्त चार. आमच्या मराठी लोकांच्या नावांत तर के ठासून भरलेला. बेटावर देवनागरी खिळे असलेला छापखाना आमच्या माहितीत नव्हता; लग्नाची कार्डं मराठीत, पण रोमन लिपीत छापायची. सखाराम आले, एक गेला. रुक्मिणीबाई आल्या, दुसरा गेला. मग मेस्त्री चष्मा कपाळावर ढकलून म्हणायचे, "पा कापाव." होणार नाही. "के संपले." शिशापुढे कुणाचं काय चालणार? माणसं मुकाट्याने मजकूर कमी करायची.

हे सगळं मी पगारी मजेने बघत होतो. मग माझं लग्न ठरलं.

सासरे रोझ बेलचे. सरकारी खात्यातून मुख्य कारकून म्हणून निवृत्त झालेले. घरची माणसंसुद्धा त्यांना शेफ, म्हणजे साहेब, म्हणायची. नातवंडांनीही दुसरं नाव ऐकलं नसावं. आपली मुलगी छापखान्यातल्या काउंटरवाल्याला द्यायची हे त्यांनी मान्य केलं होतं, पण एखादा अर्ज 'सहानुभूतीपूर्वक विचार करून' मंजूर करावा तसं. त्यांना एक धाकटा भाऊ होता, उसाची थोडी शेती करणारा. दोघांत आठ-नऊ वर्षं बोलणं नव्हतं. कारण एक कार्ड. थोरल्या मुलीच्या लग्नाच्या कार्डावर शेफच्या नावाखाली हुद्द्यांच्या चार ओळी होत्या, आणि भावाच्या नावाखाली एकच शब्द: शेतकरी. भावाने कार्ड परत पाठवलं. सोबत निरोप: "साहेबाच्या घरी लगीन हाय. माझ्या दादाच्या घरी आसल तवा येईन."

आता अडचण अशी, की माझी होणारी बायको लहानपणी, तिची आई आजारी असताना, तीन वर्षं याच काका-काकीकडे वाढलेली. ती रागाने बोलणारी नाही. रविवारी मी भेटायला गेलो तेव्हा ती शेंगा सोलत होती. सोलता सोलता म्हणाली, "काका नाय आला, तर मी अंतरपाटामागं उभी राहणार नाय. तुमाला आधी सांगून ठेवते. मागनं नको म्हणायला."

"वडलांना सांगितलंस?"

"त्यांना सांगून काय? ते अर्ज करायला सांगतील."

(ती आत्ता आतल्या खोलीत आहे आणि हे वाचणार आहे. तिचं म्हणणं, ती असं बोललीच नव्हती, शेंगा तर नव्हत्याच. पण उभी राहणार नव्हते, हे ती कबूल करते.)

सोमवारी साडेअकराला, मेस्त्री तिसऱ्यांदा हात धूत होते तेव्हा, मी त्यांना हे सगळं सांगून टाकलं. त्यांनी पूर्ण डबा खाल्ला, झाकण लावलं, आणि म्हणाले, "कार्ड कोन छापनार?"

"आपणच. शेफ गुरुवारी मजकूर घेऊन येताहेत. त्यांना पँसो हवंय. कुठल्याशा क्लबच्या जेवणाच्या कार्डावर पाहिलं."

मेस्त्री "हं" म्हणाले आणि गवसण्या झटकायला लागले.

गुरुवारी शेफ आले, छत्री, हॅट आणि फुलस्कॅप कागदासह. कागद त्यांनी काउंटरवर स्वतःकडे तोंड करून ठेवला. मेस्त्रींनी पलीकडून एक नजर टाकली.

"लगीन कुनाचं हाय, शेफ?"

"म्हणजे काय? माझ्या मुलीचं."

"मंग तिचं नाव नवव्या वळीला कसं?"

"वर यजमानांचा परिचय आहे. माणसाला कळायला नको, आमंत्रण कुणाचं आहे ते?"

"कळतंय की. निवृत्त मुख्य कारकून, बांधकाम समितीचे माजी चिटणीस, वाचनालयाचे..." मेस्त्री उलटा कागद घडाघडा वाचत गेले. शेफने इंग्रजीत लिहिलेले हुद्दे त्यांनी मराठीत वाचले, आणि त्यामुळे ते बरेच लहान झाले. शेफने कागदावर हात ठेवला.

"आन् भावाच्या नावाखाली शेतकरी."

"तो शेतकरीच आहे. मी खोटं छापत नाही."

"बरं. पन के चारच हायती." मेस्त्रींनी चार खिळे तळहातावर घेऊन काउंटरवर ओळीत मांडले. "तुमच्या नावातलं सखाराम, येक. नवरीच्या नावातलं रुक्मिणी, दोन. भावाच्या नावाआधी तुमी 'काका' लिवलंय, दोनी के छोटे, तीन आन् चार. संपले. आता क्लार्कचा के मी कुठनं आनू? काकातला येक काढू?"

शेफने चारही खिळे बोटाने मोजले. चाळीस वर्षं सरकारात काढलेल्या माणसाला साहित्याचा तुटवडा समजत होता, त्यावरचा उपायही. "दोनदा छापा," ते म्हणाले. "आधी नावं. मग तेच खिळे काढून, पुन्हा जुळवून, हुद्दे. माझ्या खात्यात आम्ही असं करत असू."

उत्तर बरोबर होतं. मेस्त्रींचा चेहरा मी पहिल्यांदाच पडलेला पाहिला. ते एवढंच म्हणाले, "पावसात कार्ड फुगतं. दुसऱ्या खेपेला वळ हलती."

"हलू नये याची काळजी घ्या. आणि शेतकरी दुसऱ्या खेपेलाच घाला, हुद्द्यांबरोबर. जागा मोकळी सोडा."

प्रूफ तसंच निघालं. वर नावं, खाली मुलीचं आणि माझं, मध्ये दुसऱ्या खेपेचे हुद्दे. पँसोत ते हुद्दे कसे दिसत होते ते सांगायला हवं. बनियनवर घातलेल्या पदकांसारखे. शेफने चष्मा लावून प्रूफ पाहिलं, खाली पूर्ण सही केली, आणि म्हणाले, "पहिले पन्नास मला. बाकीची मुलीचा मामा गावोगाव वाटेल."

छपाई पुढच्या आठवड्यात झाली. गठ्ठे बांधणं माझं काम. पहिला पन्नासाचा गठ्ठा बांधला: हुद्दे जागच्या जागी, केसाएवढेही न हललेले. दुसरा गठ्ठा उचलला आणि हात थांबला. वर नावं होती. काका होते, त्यांच्या दोन्ही 'के'सकट. खाली आम्ही दोघं होतो. आणि मधे, जिथे हुद्दे आणि शेतकरी असायला हवे होते, तिथे नुसता पांढरा कागद. तिसरा गठ्ठा, तोच प्रकार. सगळेच.

कार्ड मात्र, काय सांगू, पहिल्यांदाच आमंत्रण वाटत होतं. कुणीतरी दारातून जाता जाता हाक मारावी, या रे सगळे, तसं. हे अक्षर कशासाठी केलंय ते मला त्या दिवशी समजलं. आणि प्रूफावरची शेफची सही माझ्या टेबलावर होती.

मी आत गेलो. "मेस्त्री, दुसरी खेप फक्त पन्नासालाच दिलीत?"

ते खिळे सोडत होते, एकेक अक्षर त्याच्या घरात. मान वर न करता म्हणाले, "पाऊस लागला."

बाहेर लख्ख ऊन होतं. क्युरपिपला ते इतकं क्वचित पडतं, की चुकणं शक्य नव्हतं.

"शेफना कळलं तर लग्न मोडेल."

"आन् काका आला नाय तर?"

"तरी मोडेल."

"मंग बांध."

मी बांधले. शेफचा गठ्ठा वेगळा ठेवला. पुढचे तीन आठवडे मी कसे काढले ते कुणाला सांगितलं नाही. मामा बसने दक्षिणेकडचं एकेक गाव करत होता, कार्ड आणि अक्षता देत होता, आणि रोज संध्याकाळी मला वाटे की आज कुठल्या तरी ओटीवर दोन वेगवेगळी कार्डं शेजारी शेजारी ठेवली गेली असणार. काकांकडून कार्ड परत आलं नाही. पण येतो असा निरोपही आला नाही.

लग्नाच्या दिवशी रोझ बेलला मांडव भरला. मेस्त्री पुढच्या रांगेत, गळ्याचं बटण लावून. भटजी घड्याळ बघायला लागले. आतून निरोप आला, मुलगी तयार आहे, पण बसून आहे. शेफ म्हणाले, "बसून काय आहे? वेळ दिलेली आहे." दुसरा निरोप आला, बसूनच आहे. मी बोहल्यावर उभा, मुंडावळ्यांतून फाटकाकडे बघत. नवरदेवाने फाटकाकडे बघायचं नसतं, पण मला दुसरीकडे बघता येईना.

मग उसाच्या लॉरीतून काका उतरले. मागून काकी, डोक्यावर नारळांची टोपली. काका आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून आले होते, पण चाल अशी की अजून परत फिरता येईल. ते सरळ शेफपुढे जाऊन उभे राहिले. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून कार्ड काढलं.

"दादा," ते म्हणाले, "कार्डावर ना तुज्या नावाखाली काय, ना माज्या. मला वाटलं, चुकून आलं. बायको म्हनाली, आसं कार्ड चुकून कसं येईल? म्हनून आलो."

शेफने कार्ड घेतलं. चष्मा काढला, पुसला, लावला. वाचलं. पांढऱ्या जागेवर त्यांची नजर थांबलेली मला तिथून दिसली. मग त्यांनी मान वर केली आणि पुढच्या रांगेतल्या मेस्त्रींकडे पाहिलं. मेस्त्री समोरच्या माणसाच्या हातातली मंगलाष्टकं उलटी वाचत होते.

मी मनातल्या मनात लग्न मोडल्याचं धरून चाललो होतो. आईला काय सांगायचं इथपर्यंत पोचलो होतो.

"चुकून कसं?" शेफ म्हणाले. आवाज पुरता मांडवभर. "मीच तसं छापायला सांगितलं. घरच्या कार्याला हुद्दे कशाला हवेत?" कार्ड त्यांनी दुमडून स्वतःच्या खिशात टाकलं, आणि मग जरा हळू, भावाला: "जेवून जायचं. लॉरीला थांबायला सांग."

आतून बांगड्यांचा आवाज आला. ती उठली होती. माझ्या हातातल्या अक्षता घामाने चिकटून एक गोळा झाला होता. तो तसाच तिच्या डोक्यावर पडला, ती आजही सांगते. मला मात्र त्या वेळचा फक्त श्वास आठवतो. तीन आठवड्यांनी मी पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतला होता.

शेफने ते श्रेय पुढे कधीच सोडलं नाही. नात्यातल्या प्रत्येक लग्नात ते यजमानाला बाजूला घेऊन सांगत, "कार्ड साधं ठेवा. मी ठेवलं होतं." साधेपणाबद्दल इतक्या रुबाबात बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. दोघे भाऊ मात्र शेवटपर्यंत एकत्र बसून भांडत राहिले, ऊस, पाऊस, सरकार यांवर; ते भांडण सुखाचं होतं. मेस्त्रींना मी दोन-तीनदा विचारलं, विसरलात की मुद्दाम केलंत? त्यांचं उत्तर कायम एकच, "पाऊस लागला."

बेटाच्या स्वातंत्र्याच्या वर्षी, अडुसष्ट साली, मेस्त्री निवृत्त होऊन सूयाकला घरी बसले. ती कापडी गवसणीची जोडी मला देऊन गेले. मी वापरत नाही. त्यांची मांडणी आवरताना तळाच्या कप्प्यात मागे सरकवलेलं एक पुडकं सापडलं. फ्रान्सच्या कारखान्याचा कागद, आत कापसात गुंडाळलेले खिळे. पँसोचे छोटे के. मोजले, चोवीस. कोरे, शाई न लागलेले.

मी पुडकं मादामकडे नेलं. तिने जवळ धरून पाहिलं. "के? हे तर मी पहिल्याच वर्षी मागवले होते, त्यानेच मागे लागून मागवायला लावले. मग म्हणाला, बोटीतून आलेच नाहीत." ती बराच वेळ हसत राहिली. "कारखान्याला मी किती रागाची पत्रं लिहिली असतील!"

मी जागेवर येऊन ते चोवीस के खोक्यात त्यांच्या घरात टाकायला घेतले. दोन-तीन टाकले असतील, तेवढ्यात काउंटरवरची घंटी वाजली. त्या वर्षी नव्या समित्या पावसाळ्यातल्या छत्र्यांसारख्या उगवत होत्या. त्यांतल्याच एकीचे अध्यक्ष कोटाला बिल्ला लावून उभे होते. सत्काराचं आमंत्रण होतं, स्वतःच्याच. मजकूर दोन पानी. सत्कार कशाबद्दल ते दुसऱ्या पानावर शेवटी. "ते नवं, ब्रशचं अक्षर असतं ना, त्यात हवं," ते म्हणाले. "जरा अनौपचारिक वाटलं पाहिजे."

मी कागद पाहिला. त्यांनी तो स्वतःकडे तोंड करून ठेवला होता, आणि मला तो तसाच वाचता येत होता. इतकी वर्षं मेस्त्रींच्या शेजारी बसून ही सवय कधी लागली, कळलंच नव्हतं.

"एक मिनिट," म्हणून मी आत आलो. टाकलेले के वेचून बाहेर काढले, कापसात गुंडाळले आणि पुडकं होतं तिथे, तळाच्या कप्प्यात मागे सरकवलं. मग चार जुने के तळहातावर घेऊन बाहेर गेलो आणि काउंटरवर ओळीत मांडले.

"साहेब," मी म्हणालो, "एक अडचण आहे."

त्यांनी ऐकून घेतलं, कुरकुर केली, आणि शेवटी खिशातून पेन काढलं. त्यांनी खोडायला सुरुवात पहिल्या ओळीपासून केली, हे बघून मी निश्चिंत झालो आणि आत जाऊन हात धुतले. साडेअकरा वाजले होते.